चौदा दिवस तक्रार नाही

"कुरकुरणाऱ्या माणसाची फार काळजी करू नकोस गं. तो अजून आपल्याशी बोलतोय. कुरकुर थांबली की मात्र फोनबिन करत बसायचं नाही. चप्पल पायात घालायची आणि निघायचं."

मोठ्या मॅडमनी हे सांगितलं तेव्हा त्यांच्या निवृत्तीचा केक कापून झाला होता आणि त्या टेबलाचा खण रिकामा करत होत्या. सव्वीस वर्षं त्यांनी इमारतींची कामं पार पाडली होती. त्यांच्या जागी येणारी नवी मॅनेजर शेजारी उभी राहून त्यांना पिशवी धरून देत होती. ती हसली. मॅडमच्या काळी तक्ते नव्हते, म्हणून चपला झिजवाव्या लागायच्या, असं तिच्या मनात आलं. तोंडानं ती "हो मॅडम" म्हणाली आणि पिशवीला गाठ मारली.

तिचा तक्ता मात्र खरंच देखणा होता. कामाशी ज्याचा ज्याचा संबंध, त्याला ऑफिसात स्टेकहोल्डर म्हणत, आणि अशा प्रत्येकाची तक्त्यात एक ओळ होती. तक्रार आली की ओळ लाल व्हायची, उत्तर दिलं की पिवळी. त्यानंतर चौदा दिवस नवी तक्रार आली नाही, की ओळ आपोआप हिरवी व्हायची. ही आपोआपची युक्ती तिची स्वतःची. ऑफिसनं तिचं कौतुक केलं, आणि कौतुकाला ती भुकेली होती, कारण बाळंतपणाच्या रजेनंतर परत आल्यापासून सगळे तिच्याकडे "जमेल का हिला" अशा नजरेनं बघतात, असं तिला वाटायचं.

घरी तीन वर्षांची लेक होती, गोल गालांची, म्हणून ढब्बी. ढब्बी शेजारच्या खोलीत डबे वाजवत असली, बेसूर गात असली, तरी ही निवांत पोळ्या लाटायची. आवाज थांबला की लाटणं टाकून धावायची. एकदा पावडरचा डबा जमिनीवर रिकामा झालेला सापडला, एकदा नाकात शर्टाचं बटण. मूल गप्प झालं की उठून बघावं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पण हे शहाणपण ती उंबऱ्याच्या आत ठेवायची आणि ऑफिसात तक्ता घेऊन जायची.

काम आलं होतं एका जुन्या वाचनालयाच्या दुरुस्तीचं. सात महिन्यांची मुदत. नव्या नकाशात पहिल्या मजल्यावरच्या मोठ्या खिडकीपाशी मुलांचा कोपरा होता. तो तिनंच आखला होता, अगदी प्रेमानं, ढब्बी तिथं पालथी पडून चित्रं बघतेय असं डोळ्यांपुढे आणून. त्या खिडकीपाशी एकतीस वर्षं एक टेबल होतं. फाटकी पुस्तकं शिवणाऱ्या बाइंडरकाकांचं. कामाच्या तिसऱ्या महिन्यात ते टेबल तळघरात गेलं.

खाली बसल्याच्या पहिल्याच आठवड्यात काका तिच्या खोलीच्या दारात उभे.

"मॅनेजरताई, मला तळघरात टाकलंत. मी काय बटाट्याचं पोतं आहे?"

"काका, बसा आधी. तिथं तुम्हाला दुप्पट जागा आहे."

"दुप्पट जागेत मी काय पळापळी खेळणार आहे? मला उजेड द्या. दोरा पांढरा की मळका, ते सुद्धा कळत नाही खाली."

तिनं वाद घातला नाही. शांतपणे ऐकलं, त्यांना दाखवून तक्त्यात लिहून घेतलं, ओळ लाल केली, दोन दिवसांनंतरची तारीख दिली आणि ती पाळली. इलेक्ट्रिशियन उजेड मोजायचं यंत्र घेऊन खाली गेला. उजेड पुरेसा, किंबहुना थोडा जास्तच भरला. तरी तिनं दोन ट्यूबलाइट वाढवून दिल्या.

महिन्याभरानं काका पुन्हा आले. "ताई, दिवे भरपूर लावलेत, पण माल हलका आहे. भोवती रंगीत कडी पडतात. प्रत्येक दिव्यानं जणू हार घातलाय."

तिनं दिवे बदलून दिले. चांगल्या कंपनीचे.

तिसऱ्यांदा काका कपाळ दाबत आले. रंगाचा वास डोक्यात जातो, म्हणाले, डोळ्यांच्या मागं ठणकतं. रंग वाळून महिना झाला होता. तरी तिनं पंखा बसवून दिला, हवा बाहेर फेकणारा. नव्या भरती झालेल्या मुलामुलींना शिकवताना ती हेच उदाहरण द्यायला लागली: नाराज माणसाला मध्ये तोडू नका, त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहा, तारीख द्या, तारीख पाळा. यातलं एक अक्षरही चूक नव्हतं. पुढे तिला छळत राहिलं ते हेच.

त्या तिसऱ्या खेपेला ढब्बी तिच्याबरोबर होती, पाळणाघर बंद होतं म्हणून. हातात चिंध्या झालेलं हत्तीचं पुस्तक.

"अरे अरे, हत्तीचा कान कुणी खाल्ला?" काकांनी विचारलं.

"मी," ढब्बी म्हणाली.

"चव कशी होती?"

ढब्बीनं नीट विचार केला. "कागदाची."

काका इतके हसले की कपाळ दाबायचं विसरले. "ऑपरेशन करावं लागेल. पेशंटला दाखल करून जा," म्हणाले आणि पुस्तक काखेत मारून भिंतीच्या कडेकडेनं निघून गेले. कडेकडेनं का, हे तिला तेव्हा खटकलं नाही. दारापाशी सिमेंटची पोती पडली होती, तिला वाटलं त्यांच्यामुळे.

मग काम शेवटाला आलं आणि तिचा जीव मेटाकुटीला. तक्रारी तोंडी न घेता सगळ्यांनी मोबाइलवरचा अर्ज भरावा, असा नियम तिनं केला. तळघरात मोबाइलला रेंज नव्हती. वर यायला बावीस पायऱ्या. हे तिला माहीत होतं, म्हणजे कागदोपत्री दोन्ही गोष्टी होत्या, पण एकमेकींशेजारी ठेवून तिनं त्या बघितल्या नव्हत्या.

काका वर आले नाहीत. एक आठवडा गेला, दुसरा गेला. पंधराव्या दिवशी सकाळी तक्ता उघडला तर बाइंडरची ओळ हिरवीगार. "सुटले बाई, एक कटकट मिटली," ती मोठ्यानं म्हणाली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, पण ते वाक्य तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

दोन दिवसांनी वॉचमनमामांनी हत्तीचं पुस्तक आणून दिलं. नवी कापडी पाठ, खाल्लेल्या कानाच्या जागी करड्या कागदाचा कान. घरी ढब्बी पानं उलटता उलटता खिदळायला लागली. "आई, हत्ती डोक्यावर पडला!"

एक पान उलटं शिवलेलं होतं. तिला वाटलं, काकांनी पोरीची थट्टा केलीय. तीही हसली. आभार मानायला खाली जायचं ठरवलं, आणि मग उद्घाटनालाच भेटू, असं म्हणून राहिलं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ग्रंथपालबाई हातात तीन जाड खंड घेऊन तिच्याकडे आल्या.

"हे बघा हो. पानं उलटसुलट. एकात तर सोळा पानं दोनदा शिवलीत. आमचे काका असं कधीच करत नाहीत. एकतीस वर्षांत एक पान नाही चुकलं."

तिनं पहिला खंड उघडला. टाके घडीवर बसलेच नव्हते. आंधळ्यानं भिंत चाचपावी तसे इकडेतिकडे गेले होते. आणि तिला डोक्यावर पडलेला हत्ती आठवला.

बावीस पायऱ्या ती दोन-दोन करत उतरली. खाली सगळे दिवे चालू होते. तिनं दिलेले, वाढवून दिलेले, बदलून दिलेले. टेबलावर वरून सुतळीनं एक टॉर्च टांगला होता. शेजारी भिंग होतं, आणि त्याच्या शेजारी दुसरं, मोठं. पांढऱ्या कोऱ्या कागदावर सुईच्या टोचण्या होत्या, एका रेषेत याव्या म्हणून पुन्हापुन्हा केलेल्या, आणि त्यांच्यामध्ये बोटाच्या रक्ताचे वाळलेले ठिपके. खुर्चीवर धूळ होती.

"काका?" वॉचमनमामा म्हणाले. "आज नऊ दिवस झाले, येत नाहीत. शेवटी शेवटी भिंत धरून चढायचे. मी म्हटलं, गुडघे."

"मामा, मला का नाही सांगितलंत?"

मामांनी टोपी काढून हातात घेतली. "त्यांनी काही तक्रार केली नाही ना ताई."

पत्ता ग्रंथपालबाईंकडे मिळाला. काका बहिणीकडे होते, तीन स्टॉपवर, दुसऱ्या मजल्यावर. दार बहिणीनं, अक्कांनी, उघडलं. काकांपेक्षा मोठी, काटक, हातात ओला फडका.

"तुम्हीच का त्या दिव्यांच्या ताई?" अक्कांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. राग कसा ऐकायचा, हे मॅनेजरला येत होतं.

दारातच अक्कांनी हळू आवाजात सांगितलं. डोळ्यांतला दाब वाढत गेला होता. उजवा पूर्ण गेला. डाव्यानं किल्लीच्या भोकातून दिसावं तेवढं दिसतं, तेही किती दिवस ते डॉक्टर सांगत नाहीत. दिव्याभोवती कडी दिसणं, डोळ्यांमागं ठणकणं, ही याचीच लक्षणं. दोन महिने आधी आणलं असतं तर बरंच वाचलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

तिला बोटांवर मोजावं लागलं नाही. कड्यांची तक्रार आली ती तारीख तिला पाठ होती. तिच्याच हातची नोंद: "दिव्यांभोवती रंगीत कडी पडतात." काकांच्याच शब्दांत लिहिलेली. पुढच्या रकान्यात: "दिवे बदलले." त्याला अकरा आठवडे झाले होते.

काका खाटेवर बसले होते, चेहरा खिडकीकडे. पावलांच्या आवाजानं मान वळली, पण थोडी चुकीच्या बाजूला.

"कोण?"

"मी. वाचनालयाची."

"मॅनेजरताई! या, या. अक्का, लाइट लाव गं."

दुपारचे बारा वाजले होते. खोलीत लख्ख ऊन होतं. अक्कांनी बटण दाबलं.

"काका, तुम्ही चौथ्यांदा का नाही आलात?" तिला दुसरंच काहीतरी बोलायचं होतं, पण हेच बाहेर आलं.

"अहो, मलाही वाटलं, दिवेच खराब. मग तुमचं यंत्र म्हणालं, उजेड पुरेसा आहे. यंत्र कशाला खोटं बोलेल?" ते मांडीवरच्या चादरीची घडी बोटांनी सारखी करत होते, कागदाची करावी तशी. "आणि खरं सांगू का, तुम्ही तिन्ही वेळा इतकं चांगलं केलंत. दिवे दिलेत, बदललेत, पंखा बसवलात. इतकं करूनही हा म्हातारा रडतोच, असं व्हायला नको. चौथ्यांदा यायची लाज वाटली."

तिला वाटलं, आपण एकदा तरी यांच्यावर खेकसायला हवं होतं. मग हे चिडून पुन्हा आले असते, भांडायला तरी.

"माझ्याकडे कुरकुरला असता तरी मीच उचलून नेला असता डॉक्टरकडे," अक्का फडका पिळत म्हणाल्या. "माझ्यापाशीही गप्प. म्हणे, ताईंना वाईट वाटेल."

"अक्का, पुरे. ताई, तुमच्या त्या तक्त्यात मी कुठल्या रंगात आहे?"

ते तिला सांगावंसं वाटलं नाही. पण खोटंही बोलवेना.

"हिरव्या."

"चांगला आहे की. मला आता दिसत नाही हिरवा, पण चांगला रंग." मग त्यांनी विचारलं, "पेशंट कसा आहे? कान बसला का नीट?"

"अगदी नीट बसलाय."

"पोर काय म्हणाली?"

"खूप हसली, काका."

"मग झालं तर," काका म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं, आणि तिनं उलट्या पानाचं काहीच सांगितलं नाही. ते पान ती पुढे कधी सरळ करून घेणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी उद्घाटन झालं. मुलं खिडकीपाशी पालथी पडली, ऊन त्यांच्या पुस्तकांवर पडलं, फोटो निघाले. ढब्बीही होती. तिच्याकडे बघताना आईला त्या जागी टेबलाच्या चार पायांचे ठसे दिसत राहिले, नव्या फरशीखाली गेलेले.

संध्याकाळी तिनं तक्ता उघडला. बाइंडरची ओळ लाल करायला गेली तर तक्ता विचारायला लागला: तक्रारीची तारीख? तक्रार नव्हती. तिच्याच नियमानं तिला अडवलं. तिनं तो चौदा दिवसांचा नियम खोडून टाकला. मग उरलेल्या हिरव्या ओळी मोजल्या. सतरा. झाडणाऱ्या मावशी, ज्या आधी पाण्याच्या टाकीवरून रोज कटकट करायच्या. शेजारच्या इमारतीतले आजोबा, ज्यांना ड्रिलच्या आवाजाचा त्रास व्हायचा. आता होत नव्हता का, की सांगत नव्हते, हे तक्त्याला माहीत नव्हतं. तिनं खुर्चीखालची चप्पल पायानंच ओढून घेतली आणि निघाली.

त्या सतरा जणांकडे ती जाऊन आली. अठरावा तुमच्याकडे आहे. दर चार दिवसांनी फोन करून तुमचं डोकं खाणारं कुणीतरी: टीव्ही नीट लागत नाही, जिना उंच झालाय, दिवा अंधुक आहे. तुम्ही टीव्ही बदलून दिलात, दिवाही बदललात. हल्ली फोन येत नाही, आणि तुम्हाला जरा बरंच वाटलंय. तेवढ्या एका माणसाकडे जाऊन या. फोन नको. समोर बसा, आणि तुमच्या पावलांच्या आवाजानं त्याची मान कुठल्या बाजूला वळते, तेवढं बघा.