दाराबाहेरची माई

"केतनकाका, तुमची आई खरंच टीचर होती का?"

विचारलं एकदाचं! मागच्या रांगेत माझ्या मैत्रिणी ऊर्जा आणि अपूर्वा यांनी एकमेकींचे हात गच्च धरले. पैज त्यांचीच होती : अमेरिकेच्या खासदाराला सगळ्यांसमोर हे विचारून दाखव. गेल्या वर्षापर्यंत मी बेकरीत ब्रेड मागतानाही आईच्या मागे लपायचे. आता माइक माझ्या हातात होता आणि आवाज अजिबात कापत नव्हता.

स्टुटगार्टच्या त्या भाड्याच्या हॉलमध्ये काकांच्या स्वागताला आमची साठेक मराठी माणसं जमली होती. केतनकाका पप्पांचे चुलतभाऊ. त्यांची आई लवकर गेली, म्हणून माझ्या आजीने, माईने, त्यांना पप्पांबरोबरच वाढवलं. तेही तिला आईच म्हणायचे. पुढे ते अमेरिकेला गेले, केतनचे 'केन' झाले. आधी स्कूल बोर्डावर निवडून आले, मग राज्याच्या सभागृहात, आणि दोन वर्षांपूर्वी थेट वॉशिंग्टनला. पप्पांनी प्रत्येक निवडणुकीची कात्रणं एका निळ्या फाइलमध्ये जपून लावली आहेत. सोमवारी शाळेत माझं रेफेराट आहे, वर्गासमोर वीस मिनिटं बोलायचंय. विषय अर्थातच केतनकाका.

त्यासाठी त्यांची भाषणं बघायला बसले आणि अडले. प्रत्येक प्रचारात एक वाक्य ठरलेलं : "माझी आई शाळेत शिकवायची. मी जो कुणी आहे, तो तिच्या फळ्यामुळे." की टाळ्या!

माई शाळा झाडायची. झाडून झालं की केरसुणी धरून दाराबाहेर उभी राहायची आणि आतलं ऐकायची. आत ये, असं तिला कुणी कधी म्हटलं नाही. व्हरांड्यातल्या धुळीत ती बोटाने अक्षरं काढायची आणि जाताना तीही झाडून टाकायची. अशी वाचायला शिकली.

काका छान हसले. "स्मार्ट आहेस! अगं, तिनेच मला अक्षरं शिकवली ना? मग टीचरच की."

"हो, पण पगार झाडण्याचा मिळायचा. ते का नाही सांगत?"

काकांनी घड्याळाकडे बघितलं. "बेटा, झाडू म्हटलं की का झाडायची ते आलं. मग जात आली. तिकडे माझ्यामागे जे आपले भारतीय लोक उभे आहेत ना, ते दुसऱ्या दिवशी फोन उचलणार नाहीत. तू मोठी झालीस की कळेल."

तेवढ्यात पप्पा उठले. मला वाटलं, आता बोलतील. माझे पप्पा, माईचे सख्खे!

"केतन, लहान आहे रे ती. मनावर घेऊ नकोस."

मग फोटो झाले. पप्पांनी निळी फाइल पुढे केली. काकांनी सही केली, 'केन'.

घरी परतताना एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, पप्पा फाइल मांडीवर घेऊन बसले होते. ब्योब्लिंगेन जवळ आलं होतं.

"अहो," आई म्हणाली, "त्याचं ठीक आहे, त्याला मतं हवीत. तुम्हाला कसली भीती?"

"भीती नाही गं." पप्पांनी खिडकीकडे तोंड केलं. "कंपनीत ते पुण्याचे लोक आहेत ना, जेवताना विचारतात, आई काय करायची? मीही सांगतो, शाळेत होती."

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. अठरा वर्षं झाली."

आईने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मला रडू येत होतं आणि राग तर इतका, की पुढचं आमचं स्टेशन आलेलं कळलंच नाही. दार उघडलं तेव्हा आईने हात ओढला. प्लॅटफॉर्मवर उतरल्यावर मी दोघांच्या समोर जाऊन उभी राहिले.

"आई, पप्पा, सोमवारचं रेफेराट मी बदलतेय. आत पडद्यावर केनकाकांचा फोटो लावणार आणि माईबद्दल मी वर्गाच्या दाराबाहेर उभी राहून बोलणार. ज्यांना नीट ऐकू येणार नाही, त्यांनी उठून बाहेर यायचं."