पेटीतली घाण

"त्या काळ्या पेटीला हात लावायचा नाही," जावई म्हणाला. "पडलेली पानं रोज काढायची, पंपाभोवतीची टोपली रोज धुवायची. बाकी कशालाही हात लावायचा नाही. कळलं?"

"कळलं?" हे त्याच्या सासूला, म्हणजे सिस्टरांना, झोंबलं. उभा जन्म त्यांनी हा शब्द दुसऱ्यांना विचारण्यात घालवला होता.

"काय आहे एवढं त्या पेटीत? सोनंनाणं?"

"फिल्टर आहे. पंप तळ्यातलं पाणी उचलतो, ते पेटीतून जातं आणि परत तळ्यात येतं."

"मग तो धुवायचा नाही?"

"तुम्ही नाही धुवायचा."

"का?"

"मी सांगतोय म्हणून."

एवढं बोलून तो बॅग उचलून दाराकडे वळला. कारखान्यांतून यंत्रं बसवून द्यायचं त्याचं काम, त्यामुळे महिन्यातून एकदा तरी बाहेरगावी जाणं असायचंच. चपला घालता घालता तो, बायकोला ऐकू जाईल पण आपण सासूशी बोलतोय असं वाटू नये अशा बेताने म्हणाला, "आठवड्याने आलो की एकदाचं बोलून टाकू. असं किती दिवस चालायचं?"

काय बोलायचं ते सिस्टरांना ठाऊक होतं. परगावी निवृत्त नर्सांचं एक वसतिगृह होतं, एका खोलीत दोन खाटांचं. त्याची चौकशी जावयाने आधीच करून ठेवली होती.

त्या त्याच्या सासूबाई, पण गल्लीत, दुकानात, अगदी भाजीवालीसुद्धा त्यांना सिस्टरच म्हणायची. निवृत्त झाल्यावर हॉस्पिटलचं क्वार्टर सुटलं आणि लेकीने त्यांना आपल्या घरी आणलं. सिस्टरांचा नवरा लवकर गेलेला. ड्यूट्या करत लेकीला वाढवलं म्हणजे काय, तर ती झोपलेली असताना निघायचं आणि ती झोपलेली असतानाच परत यायचं. आता कुठे रोज संध्याकाळी लेक कामावरून आली की दोघी स्वयंपाकघरात चहा घेत बसायच्या, ऑफिसातल्या कागाळ्या निघायच्या, लेक हसून हसून टेबलावर डोकं टेकायची. सिस्टरांना या घरात दुसरं काही नको होतं. त्या चहासाठी त्या जावयाचं तोंड सहन करायला तयार होत्या, आणि तेवढं एकच त्यांना काही केल्या जमत नव्हतं.

दोघं पहिल्या दिवसापासून एकमेकांना पाण्यात पाहत होते, आणि पाणी तर परसातच होतं. त्याने स्वतःच्या हाताने खणलेलं, कडेला दगड लावलेलं छोटं तळं. तो त्याला तळं म्हणायचा, सिस्टर डबकं म्हणायच्या. त्यात रंगीत मासे होते, बोटाएवढे आणून वाढवलेले. तो काठावर बसला की ते त्याच्या हातातून खायचे, आणि माणसांशी कधी न बोलणारा हा गृहस्थ त्यांच्याशी तोंडभरून बोलायचा. एकदा सिस्टरांनी मोरीत फिनेल ओतलं आणि त्याचा ओघळ तळ्याच्या दिशेने गेला, तेव्हा त्याने केवढं आकांडतांडव केलं! त्या दिवसापासून फिनेलची बाटली कपाटाच्या वर, सिस्टरांचा हात पोचणार नाही अशा जागी गेली होती.

"घरात स्वच्छतेला बंदी आणि डबक्याला पहारा," सिस्टर म्हणाल्या होत्या.

"तुमच्या स्वच्छतेने माणसं मरतात, मासे कशाला उरतील?" तो म्हणाला होता. त्यावर लेकीने दोघांसमोरची ताटं उचलली होती, जेवण संपलेलं नसताना.

तो गेला त्याच सकाळी सिस्टर पदर खोचून परसात उतरल्या. शेजाऱ्यांच्या झाडाची एक फांदी कुंपणावरून अलीकडे आली होती आणि तिची बारीक, तांदळाएवढी पानं दिवसभर पाण्यावर पडत असायची. वरची पानं त्यांनी जाळीने काढली. मग पाण्यातून पंप वर ओढला. त्याच्याभोवतीची प्लास्टिकची टोपली बघून त्यांना हसूच आलं. हिची भोकं केवढी, पानं केवढी! निम्मी पानं आत शिरून पंपाच्या तोंडाशी त्यांचा लगदा झाला होता. बिचारा पंप दमेकऱ्यासारखा धापा टाकत होता. त्यांनी पंप धुतला, लेकीच्या जुन्या मच्छरदाणीचा तुकडा कापला, टोपलीला बाहेरून दुहेरी टाक्यांनी शिवून टाकला आणि पंप परत पाण्यात सोडला. पाणी जोरात उसळून पडायला लागलं. दुसऱ्या दिवशी टोपली वर काढली, तर पंपात एक पान नव्हतं.

"बघ तुझ्या इंजिनियरचं काम," संध्याकाळी त्या लेकीला म्हणाल्या. "इतकी वर्षं ह्याला साधी गाळणी शिवता आली नाही."

"आई, तो आला की हे चांगल्या शब्दांत सांगशील?"

"माझ्याकडे आहेत तेच शब्द आहेत."

लेक हसली. पण मग म्हणाली, "तू थोडं नमतं घे ना गं. मी रोज दोघांच्या मधे उभी राहून दमले." सिस्टरांनी कप विसळायला घेतले. नमतं घ्यायचं त्यांच्याही मनात होतं. फक्त तोंडाने घेता येत नव्हतं, म्हणून त्यांनी ते हाताने घ्यायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी लेक कामावर गेल्यावर त्यांनी काळ्या पेटीचं झाकण उघडलं.

आतलं दृश्य बघून त्या दोन पावलं मागे सरल्या. स्पंजांवर तपकिरी, बुळबुळीत थर. खाली सच्छिद्र दगडांचे तुकडे, त्यांच्यावरही तीच चिकट घाण, आणि दलदलीसारखा वास. या चिखलातून पाणी जाणार आणि ते म्हणे स्वच्छ होणार! आयुष्यभर ज्या बाईने वॉर्डबॉयला खाटेखालच्या चिमूटभर धुळीवरून रडवलं होतं, तिने हे बघून झाकण परत लावलं असतं तर नवलच. त्यांच्या वॉर्डात टाका कधी चिघळला नव्हता. मोठे डॉक्टरसुद्धा त्यांच्या वॉर्डात शिरताना बूट पुसायचे.

त्यांनी घरातलं सगळ्यात मोठं पातेलं काढलं. फिनेलला हात लावला नाही, साबणही नाही, मासे आहेत एवढं त्यांना कळत होतं. स्पंज आणि दगड चांगले खळखळून उकळले, पाणी ओतून दिलं, परत उकळले. मग कडक उन्हात वाळवले. स्पंज पिवळेधमक झाले, दगड हाडांसारखे पांढरे. सगळं जिथल्या तिथे रचून झाकण लावताना त्यांना फार बरं वाटलं. तो येईल, झाकण उघडेल, घटकाभर बघत राहील. आभार नको होते त्यांना. त्याने नुसतं "आलो की बोलू" हे बोलायचं विसरून जावं, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

दोन दिवस पाणी बरं दिसलं. मग ते दुधाळ झालं. मासे वर येऊन तोंडं उघडायला, मिटायला लागले. सिस्टरांना वाटलं, भूक लागली असणार, हा माणूस इथे नाही, त्यांना कोण विचारतंय? त्यांनी दुप्पट खाणं टाकलं. ते तसंच पाण्यावर फुगत राहिलं. लेकीला म्हणाल्या, "गाळ ढवळलाय, बसेल." आणि रोज न चुकता पानं काढत राहिल्या.

तो आला त्या सकाळी मासे पाण्यावर आडवे पडले होते.

बॅग खांद्यावरून न उतरवता तो पेटीपाशी गेला आणि झाकण उघडलं. बराच वेळ बघत राहिला खरा.

"हे काय केलंत?"

"धुतलं."

"कशाने?"

"उकळलं. दोनदा."

तो काठावरच्या दगडावर खाली बसला. लेक धावत बाहेर आली, तिने तळं पाहिलं, पेटी पाहिली आणि तोंडावर हात ठेवला. "आई, अगं ती घाण नव्हती. त्या थरात जिवाणू असतात, माशांची घाण तेच खातात. त्यांच्यामुळे पाणी चांगलं राहतं. तू तेच मारलेस."

सिस्टर तिच्याकडे बघत राहिल्या. जंतू मारायचे असतात. पाळायचेही असतात हे त्यांना कोणी, कधी सांगितलं नव्हतं.

"हात लावू नका म्हणून सांगितलं होतं," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, त्यामुळे ते जास्त भयंकर वाटत होतं. "माझ्यावरचा राग यांच्यावर काढलात?"

"अरे, तिला माहीत नसेल," लेक मधे पडली. "तू कारण सांगितलं होतंस का तिला? आई, सांग ना त्याला. तुला माहीत नव्हतं ना?"

त्याने मान वर केली. डोळे लाल होते, पण एका क्षणापुरता तो खरंच उत्तराची वाट बघत होता. "माहीत नव्हतं का तुम्हाला?"

एवढंच म्हणायचं होतं. मान हलवली असती तरी चाललं असतं. पण नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला त्यांनी एकदा "माहीत नाही" म्हटलं होतं, आणि मेट्रनने त्यांना सगळ्या वर्गासमोर बाकावर उभं करून तेच वाक्य तास संपेपर्यंत म्हणायला लावलं होतं. मागच्या बाकांवरच्या मुली फिदीफिदी हसत होत्या. त्यानंतर ते वाक्य सिस्टरांच्या तोंडून पुन्हा कधी निघालं नाही. त्या रात्र-रात्र पुस्तकं वाचायच्या, पण निघू दिलं नाही. आणि आता ते या माणसासमोर, स्वच्छतेच्या बाबतीत?

"न माहीत असायला काय झालं?" सिस्टर म्हणाल्या. "मुद्दाम केलं."

लेकीचा चेहरा असा झाला की सिस्टरांना ते शब्द परत गिळावेसे वाटले. पण गिळता येत नाहीत.

"ऐकलंस?" जावई उठला. जणू कोणीतरी त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरवलं होतं. "उद्या सकाळी मी यांना सोडून येतो." लेकीने पेटीचं झाकण लावलं. ती आत निघून गेली आणि आतून नळाचा आवाज येत राहिला.

दुपारी सिस्टरांनी आपली ट्रंक भरली. मग एक जुनी धुवट चादर घेऊन त्या परसात आल्या, चादर काठावर अंथरली आणि जाळीने एकेक मासा बाहेर काढू लागल्या. ओल्या फडक्याने पुसायचं, अंगाला चिकटलेलं पान काढायचं, मग सरळ निजवायचं, ओळीने.

जावई फावडं आणि कचऱ्याची मोठी पिशवी घेऊन आला. "राहू द्या. मी भरतो पिशवीत."

"पिशवी आत नेऊन ठेवा," सिस्टर वर न बघता म्हणाल्या. "हे काम मला येतं."

तो उभा राहिला. दारात लेक येऊन थांबली होती.

शेवटी सगळ्यात मोठा राहिला, पांढऱ्या पाठीचा. सिस्टरांनी त्याला पुसलं, चादरीवर ठेवलं, आणि त्यांची दोन बोटं आपसूक त्याच्या डोळ्यावर गेली. डोळा मिटेना. त्यांनी पुन्हा एकदा, हलक्या हाताने बोटं फिरवली.

"माशांना पापण्या नसतात," जावई म्हणाला.

सिस्टरांचा हात तिथेच राहिला. झाडाची बारीक पानं चादरीवर पडत होती.

"मला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या.

जावयाने पिशवी घडी करून कुंपणावर टाकली आणि त्या फांदीखाली खणायला सुरुवात केली. सिस्टरांनी चादरीचं टोक ओढून माशाच्या तोंडावरून घेतलं.