अकरा वर्षांची पाहुणी

दोन हजार वीस साल होतं, मे महिन्याचा पहिला आठवडा. शाळेच्या कचेरीत बत्तीस वर्षं काढली आहेत मी. तारीख घातल्याशिवाय मला काही आठवतच नाही.

"काकू, एक दाखला पाहिजे होता," चादरवाली जिन्याच्या खालच्या पायरीवरून म्हणाली. वर आली नाही. त्या दिवसांत कुणीच कुणाच्या जवळ जात नव्हतं.

"कसला दाखला?"

"मी तुमच्याकडे भाड्याने राहते याचा. दोन ओळी पुरतील."

दोन ओळी म्हटल्याबरोबर मी सावध झाले. दोन ओळींनी काय काय होतं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी, गाऊन, पडदे धुण्याचं काम ती करायची, म्हणून सगळी इमारत तिला चादरवाली म्हणायची. माझ्या खालच्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत ती राहत होती. आली तेव्हा नवऱ्यापासून वेगळी झालेली, कडेवर वर्षाची मुलगी. मी म्हटलं, राहा. करार वगैरे काही केला नाही. तेव्हा माणसं बघून खोली द्यायची पद्धत होती, आणि मला ती बरी वाटली होती.

त्या दिवशी तिच्या हातात पिवळी पिशवी होती. लागण झालेल्यांचे कपडे पिवळ्या पिशवीत भरतात, हे एव्हाना सगळ्यांना माहीत झालं होतं. माझी नजर पिशवीवर गेलेली तिने पाहिली.

"माझाच गणवेश आहे, काकू. घरच्या कपड्यांत मिसळू नये म्हणून वेगळा बांधून आणते. पिशवी कोरी आहे."

मी "हो का" म्हटलं. विश्वास अर्धाच बसला.

ती इस्पितळातून लागण आणेल म्हणून इमारतीच्या समितीने तिच्या दारावर कागद चिकटवला होता: आठ दिवसांत खोली सोडा. पण साथ चालू असेपर्यंत कुठल्याही भाडेकरूला घराबाहेर काढता येणार नाही, असा सरकारी हुकूम निघाला होता. बंद पडलेल्या आमच्याच शाळेत तक्रारी घ्यायला एक साहेब बसत. भाडेकरू असल्याचा पुरावा आणा, म्हणजे समितीला कळवतो, असं ते तिला म्हणाले होते.

"खोली गेली तर काम जाईल," ती म्हणाली. "गाड्या बंद आहेत. चालत येणारीलाच ठेकेदार ठेवतोय. आणि पोरगीचं तर तुम्हाला माहीतच आहे."

माहीत होतं. राहतं घर आणि कमाई आहे, म्हणून कोर्टाने मुलगी आईकडे दिली होती. लागणीच्या भीतीने हिने तिला बहिणीकडे ठेवलं, तर नवऱ्याने लगेच वकिलाकडून विचारणा केली होती, मुलगी आईजवळ का नाही म्हणून.

"बघते," मी म्हटलं.

समितीचा चिटणीस म्हणजे माझा धाकटा दीर. शेजारच्याच घरात राहायचा. संध्याकाळी तोंडाला रुमाल बांधून उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

"वहिनी, कागद दिलात की संपलं. आज भाडेकरू म्हणून लिहून घेईल, उद्या हक्क सांगेल. मग बसा खोलीच्या नावाने बोटं मोडत."

"अकरा वर्षं एका शब्दाने काही बोलली नाही ती, भावजी."

"तेच म्हणतोय मी! अकरा वर्षं गप्प बसणारं माणूस साधं असतं होय?"

आज हसू येतं, पण तेव्हा मला ते पटलं. मग एकेक गोष्ट आठवायला लागली. फोनवर बोलताना ती मागच्या अंगणात का जाते? खोलीची भिंत स्वतःच्या खर्चाने का रंगवली? नळ गळतो म्हणून कधी तक्रार कशी केली नाही? तिची प्रत्येक चांगली गोष्ट मी त्या रात्रीपुरती उलटी करून पाहिली.

सकाळी दाखला लिहिला. मागणारा खुशीत गेला पाहिजे आणि देणारा अडकता कामा नये, ही कचेरीतली विद्या. मी लिहिलं, "सदर महिला माझ्या परिचयाची असून सध्या माझ्या घरी पाहुणी म्हणून तात्पुरती राहत आहे." खाली सही, तारीख. पाकीट कठड्यावर ठेवलं.

तिने ते उघडलंसुद्धा नाही. "तुम्ही लिहिलंय म्हणजे बघायलाच नको," म्हणाली आणि गेली.

चौथ्या दिवशी परत आली, ती त्याच पायरीवर उभी राहिली.

"साहेबांनी मोठ्याने वाचून दाखवलं, काकू. मागे रांग होती."

"काय म्हणाले?"

"पाहुण्यांना हा हुकूम लागू होत नाही म्हणाले."

"अगं, ती कचेरीची भाषा असते. तसंच लिहावं लागतं..." मी काहीतरी बोलत सुटले.

तिने मला बोलू दिलं. मग म्हणाली, "पोरगी माझी ह्या जिन्याला धरून चालायला शिकली. तेव्हापण आम्ही पाहुण्याच होतो का?"

आवाज चढला नव्हता. तिच्या हातात फोन होता आणि माझ्या मनात आलं, ही माझं बोलणं टिपून तर घेत नाही ना? अशा वेळी मला हेच सुचलं. त्याची लाज अजून गेलेली नाही.

ती गेल्यावर दीर आला. "मानलं वहिनी तुम्हाला! पाहुणी! आम्हाला सात जन्मांत सुचलं नसतं. परवा आठ दिवस भरतात, सामान बाहेर."

आयुष्यात माझ्या अक्षराची पुष्कळांनी स्तुती केली. पण त्याच्या त्या शाबासकीने मला रात्रभर झोप लागू दिली नाही.

दुसऱ्या दिवशी धुलाईघराच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. ती पाळी संपवून बाहेर आली. गरम पाण्याने हात पांढरे पडून सुरकुतले होते. "चल माझ्याबरोबर," मी म्हटलं. कुठे, का, तिने विचारलं नाही. पण रस्ताभर चार हात मागे चालली.

साहेब माझ्याच जुन्या खोलीत बसले होते. मी म्हटलं, "मागच्या लोखंडी कपाटात, दुसऱ्या खणात प्रवेशअर्ज आहेत. दोन हजार चौदाची फाईल काढा."

त्या वर्षी तिच्या मुलीला पहिलीत घातलं होतं. पत्त्यासाठी घरमालकाचा दाखला जोडावा लागे. घरमालकीण मी आणि अर्ज घेणारी कारकूनही मीच. फाईल निघाली. माझ्या हातचं होतं: "ही महिला मुलीसह माझ्या मागच्या खोलीत पाच वर्षांपासून भाडेकरू म्हणून राहते." सरळ वाक्य. ते लिहिताना मनात काहीच आलं नसावं.

साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. "अक्षर एक, सही एक. बाई, यातला खोटा कुठला?"

"ह्या आठवड्यातला."

"खोटा दाखला देणं गुन्हा आहे, माहीत आहे ना?"

"बत्तीस वर्षं मीच सांगत होते सगळ्यांना."

माझ्या मागे रांग होतीच. कुणीतरी खाकरलं. साहेबांनी कोरा कागद पुढे केला. मी नवा दाखला लिहिला, अकरा वर्षांचा, आणि तिच्या हातात दिला. तिने तो टेबलाच्या कडेला उभं राहून वाचला. ओठ हलत होते. शेवटपर्यंत वाचून पुन्हा वरून सुरुवात केली, आणि मगच साहेबांकडे दिला.

आठवा दिवस उजाडण्याआधी समितीला हुकूम पोचला. दारावरचा कागद दिरानेच येऊन खरवडून काढला.

त्यानंतर तो माझ्याशी वर्षभर बोलला नाही. दुसऱ्या लाटेत त्याला त्याच इस्पितळात ठेवावं लागलं. बरा होऊन आला. तिथल्या चादरींबद्दल त्याने तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. आता मुलाकडे राहायला गेला आहे. साहेबांनी मला समज देऊन सोडलं. शाळा उघडली तशी त्यांची बदली झाली. नवऱ्याच्या वकिलाकडून पुढे काही आलं नाही. मुलगी परत आली, यंदा बारावी झाली, इस्पितळातली नोकरी मात्र नको म्हणते.

चादरवाली माझ्या खोलीत आणखी तीन वर्षं राहिली, हक्काने. मग इस्पितळाने तिला कायम केलं आणि तिथेच राहायला जागा मिळाली. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून आठवड्यातून दोनदा थेंब घालायला येते. मी बोलावलं नव्हतं. हात हलका आहे तिचा.

पूर्वी ती जिन्यावरूनच बोलत बोलत घरात शिरायची, थेट स्वयंपाकघरापर्यंत. आता दार सताड उघडं असलं तरी बाहेर थांबते आणि कडी वाजवते.

"अगं ये ना, उघडंच आहे," मी आतून म्हणते.

"हो काकू," ती म्हणते, आणि मग आत येते.