बद वाजणारं चाक

मी एक जुनं मॅगव्हील, म्हणजे गाडीचं हलक्या धातूचं चाक आहे, मित्रांनो. माझी एक कड तुटली आहे. तिथं बोट लावू नका, कापेल.

माझा जन्मच आगीतला. अ‍ॅल्युमिनियमचा उकळता रस साच्यात कोंबला, मग पात्यांनी मला सोललं, पोटात भोकं पाडली. एवढा मार सोसला तेव्हा हे चांदीचं रूप आलं.

मिरजेजवळच्या एका गावातल्या जयराजनं गाडीची लोखंडी चाकं काढून आम्हा चौघांना बसवलं. आम्ही वजनाला हलके, म्हणून पाय दाबताच गाडी झेपावायची. खड्ड्यात चटकन उतरायचो, चटकन वर यायचो. टायर रस्ता सोडत नसे. वळताना जड जात नसे, ब्रेकही लवकर लागे. "लय भारी रं गड्या!" म्हणत त्याचा मित्र फारूक बॉनेट थोपटायचा. कौतुक कुणाला गोड लागत नाही? पण बुवा कीर्तनात सांगतात, देवानं गुण दिला की तो जपायची अक्कलही मागून घ्यावी. जयराजनं ती मागितली नाही.

उसाच्या ट्रॅक्टरांनी फोडलेल्या रस्त्यावर तो मला आपटत राहिला. लोखंड वाकतं; मला वाकणं फारसं जमत नाही. त्यात टायर पातळ. एका दुपारी दणका थेट माझ्या हाडात बसला आणि आतल्या कडेला चीर गेली. जयराजनं तिला वेल्डिंग मारलं आणि चारही चाकांना नवा रंग देऊन ओट्यावर वाळत ठेवलं.

त्याची आई हरणाबाई कीर्तनात टाळ धरायची. तिनं हातातला टाळ आमच्यावर एकेक करून वाजवला. माझ्यापाशी थांबली.

"जया, हे बद वाजतंय रं. बाकीची बघ कशी घणघणत्यात."

"अगं आई, चाक हाय ते, टाळ न्हवं!"

"चिरलेला टाळ आपण कृष्णेत सोडतो. जोडून कीर्तनात न्हेत न्हाई."

"मग ह्येबी सोडू? मासं फिरवत्याल गाडी!"

तीही हसली. विषय तिथंच संपला.

मग आम्ही चौघं पुन्हा गाडीला चढलो आणि मेढ्याच्या सप्ताहाला निघालो. मागच्या खिडकीशी हरणाबाई, मांडीवर टाळ. घाटातल्या उतरत्या वळणावर जयराजनं वेग सोडला नाही. गाडीचा सगळा भार माझ्यावर लोटला आणि जोड फाटला. कड तुटून उडाली, हवा तोफेसारखी सुटली, टायरच्या चिंध्या पत्र्याला फटके मारू लागल्या. उघड्या हाडानं मी डांबर नांगरत गेलो. गाडी कठड्यावर आदळली, उलटली, पुन्हा आदळली. दार आत चेपलं.

"आई! अगं आई, बोल की!"

"हात... हात सुटत न्हाई रं, जया."

टाळावर रक्त ठिबकत होतं.

पांडुरंगानं जीव राखला. उजवा हात मात्र मनगटापासून गेला.

आता मला जयराजनं गावच्या देवळाच्या खांबाला टांगलंय. समोर कीर्तन चालतं. टाळांच्या जोडीतला एक टाळ हरणाबाईच्या डाव्या हातात असतो, दुसरा जयराजच्या उजव्या हातात. मध्ये दोरी. पहिल्या दिवशी तो सारखा पुढं पळत होता.

"हळू रं, जया," ती म्हणाली, "माझ्यासंगं ये."

तो रडत रडत तिच्या ठेक्यावर आला.

मित्रांनो, देवळात आलात तर मला एकदा वाजवून जा. हा बद आवाज कानात ठेवा. उद्या तुमच्या घरचं कुणी म्हणालं की काहीतरी बद वाजतंय, तर हसू नका. गाडी थांबवा.