काकूंच्या हाताचा गुण

काकूंच्या हाताला गुण आहे, असं अख्खी इमारत म्हणायची. मळमळलं, चला काकूंकडे. छातीत जळजळलं, काकू. अंगावर गांधी उठल्या, तरी काकूच! त्यांचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा म्हणजे अर्धा दवाखाना. आत कात्रीने कापलेले गोळ्यांच्या पट्ट्यांचे तुकडे. नाव एकावरही धड नाही. काकू रंगावरून ओळखायच्या. हसू नका, असा डबा आपल्यापैकी कुणाच्या घरी नाही?

त्या सकाळी खालच्या मजल्यावरचा शाळेच्या बसचा ड्रायव्हर दारात आला. "काकू, पित्त उसळलंय. द्या काहीतरी पटकन, मुलं थांबलीयत."

"ही घे छोटी पांढरी. दहा मिनिटांत बघ कसा गुण येतो!"

त्याने गोळी गिळली आणि बस काढली. बसमध्ये काकूंची सात वर्षांची नात चिमीही होती.

अर्ध्या तासाने सून रात्रपाळी करून आली. ती इस्पितळात नर्स. शिंकत शिंकत म्हणाली, "आई, माझी ॲलर्जीची गोळी कुठाय? एकच उरली होती, या डब्यावर ठेवलेली."

"डब्यावर कशाला? मी आत टाकली."

सुनेने डबा उपसला. पित्ताची पांढरी गोळी जागच्या जागी होती. ॲलर्जीची, तशीच छोटी पांढरी, मात्र नव्हती.

"आई, कुणाला दिलीत?"

काकूंनी सांगितलं, तशी सून ओरडलीच. "अहो, तिने गुंगी येते! म्हणून तर मी ती घरी आल्यावर घेते."

"अगं बाई! चिमी आहे गं त्या बसमध्ये!" काकू फोनकडे धावल्या.

ड्रायव्हरचा फोन नुसता वाजत राहिला. गाडी चालवताना तो उचलत नसे. सुनेने बसमध्ये मुलांना सांभाळणाऱ्या ताईंना लावला. "ताई, बस बाजूला घ्यायला सांगा. आत्ता! ड्रायव्हरना चुकून गुंगी आणणारी गोळी दिली गेलीय."

पलीकडे मुलांचा गलका, हॉर्न, ताईंची हाक. काकूंनी पदर तोंडात कोंबला होता.

"थांबली," ताई म्हणाल्या. "मघापासून जांभया देतोय म्हणून मी रागावतच होते."

काकू ढसाढसा रडल्या. "मी तर चांगल्या मनाने दिली गं!"

"मन चांगलंच आहे, आई. पण मळमळीची, पित्ताची, ॲलर्जीची औषधं मी वॉर्डात रोज देते. चौदा वर्षं झाली, तरी दर वेळी गोळीचं नाव वाचते, पेशंटचं नाव वाचते, मगच देते. साधी गोळी म्हणून कुठली नसते."

काकूंनी त्याच दिवशी डबा रिकामा केला. दुसऱ्या दिवशी शेजारीण आली. "काकू, सकाळपासून मळमळतंय. तुमच्या हाताला गुण आहे, द्या ना एखादी."

काकूंनी पायांत चपला सरकवल्या आणि तिचा हात धरला. "चल डॉक्टरांकडे, मी येते सोबत."

मंडळी, औषधाला नाव असतं. ते वाचल्याशिवाय देऊ नका, विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि हाताला गुण असलाच, तर तो असा हात धरून नेण्यात असतो.