मार्थाचा कोट

"पत्र धाडू नकोस हं. स्वतः जा आणि तोंडाने सांग."

मार्था गिल्मर हे नेमके कधी म्हणाली, ते मला अजून लावता येत नाही. आयर्लंडातल्या डेरी बंदराच्या धक्क्यावरून गलबत सुटले त्या संध्याकाळी, की तिसऱ्या पहाटे, गलबत खडकावर आपटून पाणी गुडघ्यापर्यंत आले तेव्हा? शब्द मात्र कानात तसेच आहेत. "बाबांना जवळचं दिसत नाही. मागावर बसून बसून डोळे गेले. पत्र आलं की शेजारचा लोहार मोठ्यांदा वाचतो आणि अख्खी आळी गोळा होते. माझं बरंवाईट झालं तर ते त्यांना लोहाराच्या तोंडून नको कळायला."

मी मरियामातेची शपथ घेतली, तर ती हसली. "तुमची मरिया कशाला मध्ये? तू हो म्हणालीस ना, झालं."

कॅनडाला निघालेल्या त्या गलबताच्या पोटात आम्हा दोघींना झोपायला एकच फळी होती. ती बॅलीमनीच्या विणकराची लेक, प्रोटेस्टंट. मी ऊना मॅकलीर, टिरोनच्या डोंगरातली, कॅथलिक.

शुद्धीवर आले ती मॅज स्वीनीच्या घरात, किनाऱ्यावरच्या एका खोपटात. चूल धुमसत होती. एक जाडजूड बाई वाटी पुढे धरून म्हणत होती, "मार्था, बाळ, दूध घे."

मी शेजारी पाहिले. शेजारी कोणी नव्हते. मग मी दूध प्यायले.

आठ दिवस ताप होता. सगळे मला मार्था म्हणत आणि मी ओ देई. का देई, कोण जाणे. कधी वाटे, मार्था बाहेर गेली आहे आणि तिच्या वाटणीचे उत्तर मी देते आहे. कधी वाटे, गेलेली मीच आहे. एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली. संध्याकाळ झाली की मॅजबाई खिळ्यावरची जपमाळ काढी, माझ्याकडे पाही आणि हळूच म्हणे, "चला रे, गोठ्यात." सगळे घर बाहेर जाई. भिंतीपलीकडून प्रार्थना ऐकू येई, मधूनच गाय हंबरे. मी अंथरुणातच बोटांवर मोजून त्यांच्याबरोबर म्हणे. लहानपणी चर्चमध्ये पहिला कम्युनियनचा प्रसाद घेतला तेव्हापासून एकही दिवस माझी माळ चुकली नव्हती. असे कोणते पाप घडले की हे लोक मला प्रार्थनेला जवळ घेत नाहीत?

नवव्या सकाळी ताप उतरला तेव्हा विचारलेच. "मॅजबाई, मला का नाही बोलवत जपाला?"

तिचा नवरा कॉनल जाळे विणत होता. त्याने सुई खाली ठेवली. "घ्या! हिच्यासाठी आम्ही आठ दिवस शेणात गुडघे टेकतोय, आणि ही विचारते का!"

"तुम्ही गप्प बसा हो," मॅजबाई म्हणाली. "अगं, तुम्हा लोकांना आमची माळ चालत नाही ना? पाहुणीला कशाला अवघडवायचं, म्हणून."

"पण मी कॅथलिक आहे."

"ताप चढला परत," कॉनल म्हणाला.

"कोटाच्या खिशात तुझं बायबल आहे," मॅजबाई समजावणीच्या सुरात म्हणाली. "शाळेच्या मास्तरांनी त्यावरचं नाव वाचलं. मार्था गिल्मर. आणि आम्हा कॅथलिकांसारखं गळ्यात मरियेचं वस्त्र नाही तुझ्या."

माझा हात गळ्याकडे गेला. आईने तपकिरी लोकरीचे दोन तुकडे दोरीला शिवून गळ्यात घातले होते. ते नव्हते.

त्या किनाऱ्याची रीत मला तेव्हा कळली. समुद्राने मेलेले माणूस आणून टाकले की बायका आधी गळा बघतात. मरियेचे वस्त्र असेल तर चर्चच्या आवारात पुरतात, मेणबत्ती लावून; नसेल तर वाळूच्या टेकाडामागे, परक्यांच्या रानात. वाचलेल्या एका खलाशाने सांगितले होते की त्या फळीवर दोन मुली होत्या, मार्था आणि ऊना. जिवंत मुलगी मार्था ठरली. मग वाहून आलेली, गळ्यात वस्त्र असलेली मेलेली मुलगी ती ऊना.

"मी स्वतः धुतलं तिला," मॅजबाई म्हणाली. "केस विंचरले."

"डाव्या भुवईवर तीळ होता?"

ती थांबली. "होता."

मी उलट्या करून गारठले होते, म्हणून मार्थाने कोट मला घातला, हे आठवते. मीही गळ्यातले वस्त्र काढून तिच्या गळ्यात घातले. माझ्याकडे द्यायला दुसरे काय होते? पण तिने मान वाकवली, की अंधारात मीच घातले, हे आठवत नाही. कितीही डोळे मिटले तरी आठवत नाही.

"देवा रे," मॅजबाई खाली बसली. "फादरनी तर दोन्ही घरी पत्रं धाडली, मार्था वाचली, ऊना गेली म्हणून. तुझ्या आईला आजच दुसरं लिहायला सांगते. पण मार्थाचा म्हातारा बाप निघालाय गं, पोरीला न्यायला! मीठवाला सांगत होता, काल खिंडीतल्या सराईत उतरलाय. भेटेल त्याला पोरीच्या कोटाची खूण सांगतो म्हणे. निळा, गळ्याला लाल पट्टी, कापड मीच विणलंय."

"फादर सांगतील," कॉनल म्हणाला. "त्यांना सवय आहे."

"मीच सांगणार. तिला शब्द दिलाय."

"आणि त्याने पोरीला आमच्या मातीतून उकरून नेलं तर?" मॅजबाईचा आवाज कापला. "मेणबत्ती लावलीय मी तिला."

"बाप आहे तिचा," मी म्हणाले. "तो म्हणेल तसं. वस्त्र मी घातलं, हेही सांगेन."

मॅजबाईने उठून कोट आणला. वाळवून, मीठ झटकून नीट ठेवला होता. "घाल. बाहेर वारा बोचतोय."

मी एक हात बाहीत घातला आणि थांबले. बाबांना जवळचे दिसत नाही. लांबचे मात्र स्वच्छ दिसते. नदीच्या पलीकडून कोट ओळखतात, असे मार्था कौतुकाने सांगायची. खिंडीच्या उतारावरून त्यांना आधी कोटच दिसेल. मग लेकच आली असे समजून ते धावतील. मी तोंड उघडीपर्यंत तेवढी वाट ते धावत येतील.

मी हात काढून घेतला. कोट उलटा केला, लाल पट्टी आत जाईल अशी घडी घातली आणि बायबल त्यात ठेवले.

मॅजबाई बघत राहिली. मग तिने स्वतःची शाल काढून माझ्या खांद्यावर टाकली आणि दार उघडले.

घडी छातीशी धरून मी खिंडीच्या वाटेला लागले. मोकळ्या हाताच्या बोटांवर जप मोजत होते, आणि पहिल्या चढावरच आकडा चुकला.