नाही असेल तर पुसून टाका

मी फळा. शाळेतला नव्हे. शाळेतल्या फळ्याचा थाट वेगळा, त्याच्याकडे निदान वर्गभर पोरं तोंड वर करून बघतात. मी विरार पूर्वेला, चंदनसारच्या एका सोसायटीच्या गेटवर आयुष्य काढलेला फळा. माझ्या डोक्यावर पिवळ्या ऑइलपेंटने 'आजचा सुविचार' असं लिहिलेलं आहे. सोळा वर्षं लोकांनी माझ्या अंगावर लिहिलं आणि पुसलं, पण मला काय म्हणायचंय ते कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी माझ्याकडे तोंड कुठे आहे? तरीही आज सांगतो, कारण एक गोष्ट माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही.

त्र्याण्णव साली वॉचमनच्या केबिनला दार बसवलं, त्यातून उरलेल्या प्लायवूडचा मी झालो. मला काळा रंग दिला तो व्हॅलेरियन पेंटरने. हा वसईचा माणूस, वालीवच्या कारखान्यांच्या पाट्या रंगवायचा. डोक्यावरची पिवळी अक्षरंही त्यानेच काढली. सोसायटीचे सेक्रेटरी तुळशीदास त्याच्या मागे उभे राहून घाई करत होते.

"अरे, दोन शब्दांना किती वेळ? लोकांना वाचता आलं म्हंजे झालं."

"काका, वाचायला आलं पाहिजे ते खरं, पण बघावंसंही वाटलं पाहिजे," व्हॅलेरियन म्हणाला आणि आपल्याच गतीने ब्रश फिरवत राहिला.

तुळशीदास मूळचे इथलेच. सोसायटी उभी राहिली ती त्यांच्याच भातशेतीवर. माणूस सरळ, पण सगळा जीव पाण्यात. कारण आमच्याकडे तेव्हा नळाला हवा यायची आणि पाणी टँकरने. म्हणून मधोमध रेघ मारून माझे दोन भाग केले. डावीकडे सुविचार, उजवीकडे सूचना. डावीकडे 'संयम हीच माणसाची खरी श्रीमंती' आणि उजवीकडे 'आज पाणी येणार नाही', असं कितीदा तरी शेजारी शेजारी नांदलं. लोक उजवीकडचं वाचून तुळशीदासांच्या नावाने बोटं मोडायचे आणि डावीकडे न बघताच पुढे जायचे.

डावी बाजू सदानंदरावांची. तिसऱ्या मजल्यावर राहायचे, मुंबईत एका कंपनीत हेडक्लार्क. सुविचारांचं त्यांना भारी वेड. कॅलेंडरच्या मागचे, वर्तमानपत्रातले, स्वतःच्या डोक्यातले, कुठलेही चालायचे. पण अक्षर म्हणाल तर कोंबडीचे पाय. म्हणून पहिल्याच महिन्यात ते आपल्या मुलीला घेऊन खाली आले. तिचं नाव क्षितिजा. तेव्हा तिसरीत होती. केबिनमधलं स्टूल ओढून तिला त्यावर उभं केलं आणि म्हणाले, "लिही. माणसाची उंची त्याच्या वागण्यावरून मोजावी."

तिने लिहिलं. काय सांगू! तोवर माझ्या अंगावर खडू नुसता घासला जायचा. या पोरीने वेलांटी अशी काढली की मला माझंच अंग देखणं वाटायला लागलं.

"बाबा, याचा अर्थ काय?"

"तू लिही. मोठी झालीस की आपोआप कळेल."

मग रोजचाच नेम झाला. सकाळी ते कामाला निघताना बापलेक खाली यायचे. ते सांगायचे, ती लिहायची, ते एकदा मागे सरून बघायचे आणि "वा!" म्हणून निघायचे. संध्याकाळी परत आले की आधी माझ्यासमोर थांबायचे. कुणा पोराने काना-मात्रा खोडली नाही ना, हे बघूनच जिना चढायचे. एकही दिवस खाडा नाही, याचा त्यांना केवढा अभिमान! क्षितिजाला ताप असला तरी स्वेटर घालून यायची. खरं सांगतो, त्या घरात बाप आणि लेक एकमेकांशी जे काही बोलायचे ते माझ्यासमोरच. वर गेल्यावर सदानंदराव पेपर वाचायचे आणि पोरीने अभ्यास करायचा. तिची आई सुमेधाताई एकदा शेजारणीला म्हणाल्या होत्या, "आमच्या ह्यांनी एकदा नाही म्हटलं की तो विषय आमच्या घरात परत निघत नाही."

दर मे महिन्यात व्हॅलेरियन मला नवा रंग द्यायला यायचा. क्षितिजा त्याच्या बाजूला उकिडवी बसायची. ब्रश कसा धरायचा, दोन अक्षरांत जागा किती सोडायची, सगळं विचारून त्याला भंडावून सोडायची. दहावीच्या सुट्टीत त्याने तिच्या हातात ब्रश दिला आणि माझ्या डोक्यावरचा 'सुविचार' तिच्याकडून नव्याने काढून घेतला. मग लांब उभा राहून बघत म्हणाला, "पोरी, मुंबईला चित्रकलेचं कॉलेज आहे. तिथे अक्षरांचं शिक्षण देतात, दहावीवर घेतात. माझं राहून गेलं. तू बघ जाऊन."

ती घरी बोलली असणार. कारण दुसऱ्या दिवशी सदानंदरावांनी सुविचार सांगितला, 'छंदाने मन भरतं, पोट भरत नाही.' तिने तो लिहिला आणि सायन्सला गेली.

बारावीचा निकाल लागला दोन हजार दोन साली. क्षितिजा फिजिक्समध्ये नापास झाली. त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरून मला काहीच ऐकू आलं नाही, भांड्याचा आवाजसुद्धा नाही. मला वाटलं, उद्या तरी ही दोघं खाली येणार नाहीत. पण खाडा कसा पडेल? आली. सदानंदरावांचा चेहरा दगडासारखा. तिच्याकडे न बघता त्यांनी सांगितलं, "लिही. ज्याला आईबापाच्या कष्टांची जाण नाही, तो आयुष्यात मागेच राहतो."

खडू तिने नेहमीपेक्षा दाबून धरला होता. मला ते कळत होतं, कारण तो टेकला होता माझ्यावर. तरी तिने एक अक्षर वाकडं येऊ दिलं नाही. मुलगी नापास झाली हे सगळ्या सोसायटीला ठाऊक होतं. त्या दिवशी पहिल्यांदाच लोकांनी डावी बाजू नीट वाचली. कुणी हळहळले, कुणी हसले. एक जण तर म्हणाला, "सदाभाऊ, आजचा सुविचार घरगुती दिसतोय!"

पुढे रोज तेच. रोज नवा सुविचार आणि रोज तिच्याच हाताने तिलाच मारलेला. मला वाटायचं, एखादी जोराची सर यावी आणि मला धुऊन काढावं. पण माझ्यावर पत्र्याची शेड होती. सदानंदराव वाईट नव्हते हो. रागाच्या खाली त्यांना भीती होती, पोरीचं कसं होणार याची. पण ती भीती सुविचारात कशी सांगायची, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

जून संपत आला होता. एका दुपारी चार-साडेचारला क्षितिजा एकटीच खाली आली. त्या वेळी ती कधी येत नसे. वॉचमन चहाला गेला होता. तिने इकडेतिकडे पाहिलं, सकाळचा सुविचार पुसला आणि लिहायला घेतलं. नेहमीसारखंच सुबक, पण अक्षर जरा बारीक.

'बाबा, मला अक्षरं काढायला शिकायचंय. चित्रकलेच्या कॉलेजचा फॉर्म आणलाय, उद्या शेवटची तारीख. तुमच्या तोंडावर विचारायचा धीर होत नाही. हो असेल तर इथे खाली फक्त हो लिहा. नाही असेल तर पुसून टाका. मी परत कधी विचारणार नाही.'

लिहून झाल्यावर तिने खडू खालच्या फळीवर ठेवला, बाबांना सापडेल असा. आणि मैत्रिणीकडे निघून गेली. बाबा वाचत असताना समोर थांबायची तिची छाती नव्हती. जाताना मात्र एकदा वळून बघितलं.

सदानंदराव सातच्या सुमाराला यायचे. माझा जीव टांगणीला लागला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या अंगावर कुणीतरी स्वतःचं काहीतरी लिहिलं होतं. येणारे-जाणारे माझ्याकडे बघत होते आणि नेहमीसारखेच न वाचता जात होते. मला वाटलं, बरंच आहे. ज्याचं आहे त्यानेच वाचावं.

साडेसहाला तुळशीदास धावत आले. दोन दिवस सोसायटीत पाण्याचा थेंब नव्हता, बायकांनी त्यांच्या नाकी नऊ आणले होते आणि अचानक टँकर मिळाला होता. घाईत चष्मा घरीच राहिलेला. सूचना मोठ्या अक्षरांत लिहायची तर उजवी बाजू पुरणार नव्हती.

"सुविचार काय, उद्या परत लिहील पोरगी. आज पानी म्हत्त्वाचं," असं स्वतःशीच म्हणत त्यांनी ओलं फडकं घेतलं.

मला हात असते तर मी त्यांचं मनगट धरलं असतं. आवाज असता तर अख्खी सोसायटी गोळा केली असती. मी लाकूड. हाताच्या एका फेऱ्यात 'बाबा' गेलं, दुसऱ्या फेऱ्यात सगळं गेलं. माझ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत अक्षरं आली, 'टँकर आला आहे. सर्वांनी लगेच खाली यावे.'

सातला सदानंदराव आले. सवयीने माझ्यासमोर थांबले. टँकरचं वाचलं आणि बॅग काखेत मारून धावतच जिना चढले. हंडे घेऊन उतरले, रांगेत उभे राहिले, घामाघूम होऊन चार खेपा केल्या. टँकर गेला. 'पाणी आहे का अजून?' असं विचारत लोक उगाच खाली येऊ नयेत म्हणून तुळशीदासांनी जाता जाता सूचनाही पुसून टाकली.

आणि मग क्षितिजा आली.

माझ्यासमोर उभी राहिली. मी काळाभोर, कोरा. खडू तिने ठेवला होता तिथून जरा सरकलेला. तिने हात लावून बघितलं, फळा अजून ओलसर होता.  एवढ्यात वरच्या खिडकीतून सदानंदरावांनी हाक मारली. पाणी मिळालं म्हणून खुशीत होते बिचारे.

"क्षितिजा, वर ये गं. जेवायला थांबलोय सगळे."

"आले बाबा," ती म्हणाली.

त्या दोन शब्दांत राग नव्हता, रडूही नव्हतं. त्यापेक्षा तिने माझ्यावर डोकं आपटलं असतं तरी मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं आली. त्यांनी सांगितलं, तिने लिहिलं. खडू नेहमीसारखाच हलका फिरला. फॉर्मची तारीख माझ्या डोळ्यांदेखत गेली. ऑक्टोबरला ती परीक्षेला बसली, पास झाली, पुढे बी.एस्सी. केलं आणि वालीवला औषधांच्या कंपनीत लॅबमध्ये लागली. कॉलेज सुरू झाल्यावर तिने फळ्यावर लिहिणं सोडलं. "वेळ होत नाही बाबा," म्हणाली. तेव्हापासून सदानंदराव आपल्या कोंबडीच्या पायांनी स्वतःच लिहू लागले. आणि लोकांना छाती फुगवून सांगू लागले, "एका नापासाने पोरगी सरळ झाली. सुविचाराची ताकद असते हो!" ते असं म्हणाले की माझ्या अंगाची आग व्हायची. पण करतो काय?

आता सोसायटीने गेटवर काचेचा नोटीस बोर्ड लावलाय, कुलूप असलेला. मला भंगारात देणार होते. सदानंदराव आता रिटायर झालेत. ते आडवे आले, "या फळ्याने माझ्या मुलीचं भलं केलंय," म्हणाले आणि मला उचलून तिसऱ्या मजल्यावर नेलं. आता मी त्यांच्या गॅलरीत, तुळशीच्या कुंडीमागे भिंतीला टेकून असतो.

मागच्या दिवाळीत क्षितिजा माहेरपणाला आली होती. मला बघून दारातच थबकली. सदानंदरावांनी मोठ्या हौसेने खडू पुढे केला.

"लिही काहीतरी. किती वर्षं झाली तुझं अक्षर बघून! एवढं सुंदर अक्षर, सोडलंस का गं?"

तिने खडू हातात घेतला. मग अगदी सावकाश म्हणाली, "तुम्ही नाही म्हणालात ना, बाबा."

"मी?" सदानंदरावांना खरंच काही कळेना. "मी कधी नाही म्हणालो?"

बोला! आता तरी बोला, मी आतल्या आत ओरडत होतो. ती एक वाक्य पुढे बोलली असती, त्यांनी एक प्रश्न आणखी विचारला असता, तर सगळा उलगडा झाला असता. पण तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी स्पष्ट पाहिलं. तिला वाटलं, आपलं अख्खं आयुष्य ज्यावरून वळलं ते बाबांना आठवतसुद्धा नाही.

"जाऊ दे बाबा. जुनं आहे," ती म्हणाली. खडू त्यांच्या हातात परत दिला आणि आईला मदत करायला आत गेली. सदानंदराव खडू धरून तसेच उभे राहिले. मग माझ्याकडे वळून कुणालाच उद्देशून नसल्यासारखं पुटपुटले, "मी कधी नाही म्हणालो?"

म्हणून तुम्हाला हात जोडतो, म्हणजे हात असते तर जोडले असते. तुम्ही चंदनसारला राहत असाल, किंवा कधी तिकडे गेलात, तर तिसऱ्या मजल्यावरची ती बेल वाजवा. सदानंदरावांना सांगा, मुलीने तुम्हाला एकदा काहीतरी विचारलं होतं आणि ते तुम्ही कधी वाचलंच नाहीत. वाचलं असतं तर त्यांनी 'हो' लिहिलं असतं की नाही, हे मला माहीत नाही. कदाचित पुसूनच टाकलं असतं. पण ते त्यांच्या हाताने तरी पुसलं गेलं असतं.